गिअरच्या दात्यांचे आयुष्य : वंगण आणि लेप

मृग लागण्यास चार दिवस उरले असताना एका शेतकरी बंधूंनी आपला रोटाव्हेटर तालुक्याच्या गावी फिटरकडे आणला. आम्ही त्या वेळी दुसऱ्या कामानिमित्त तेथे होतो. गिअरबॉक्सचे झाकण काढले, तेव्हा आतून तेलाऐवजी ताकासारखा पांढुरका आणि बोटांत चोळला असता कचकच लागणारा राडा निघाला. पिनियनचे तीन दाते मुळापासून मोडले होते, आणि उरलेल्या दात्यांच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

त्या बंधूंची तक्रार अशी होती की, हा गिअर त्यांनी मागील हंगामातच नवा घातला होता. तोही साधा नव्हे, तर अधिक पैसे मोजून घेतलेला, लेप दिलेला. विकणाऱ्याने त्यांस सांगितले होते की, लेपामुळे दाते आपोआप निसरडे राहतात, सबब तेलाची फारशी फिकीर करण्याचे कारण नाही. एका हंगामात गिअर गेला. पेरणीपूर्वीची मशागत भाड्याच्या यंत्रावर करावी लागली, आणि गावातील सर्वच यंत्रांना त्या दिवसांत काम असल्याने भाड्याचे यंत्रही त्यांस आठ दिवस उशिरा मिळाले. ‘साहेब, लेप खोटा होता काय?’ असे त्यांनी विचारले. लेप खोटा नव्हता. परंतु लेपाकडून जे काम कधीच होत नाही, त्याची अपेक्षा त्याच्याकडून केली गेली होती. या प्रश्नाचे पुरते उत्तर उभ्या उभ्या देता येण्याजोगे नव्हते. ते येथे सविस्तर देत आहोत. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस असाच प्रश्न वारंवार विचारला जातो, म्हणून त्यांनीही ते लक्षपूर्वक वाचावे.

दाता दात्यावर टेकतो तेव्हा

दोन गिअरचे दाते एकमेकांना केवळ ढकलतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः एक दाता दुसऱ्यावर लोळतो आणि त्याच वेळी घसरतोही. दात्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर जी रेषा कल्पिलेली असते, तिला पिच रेषा म्हणतात. या रेषेवर दाता नुसता लोळतो. तेथून शेंड्याकडे किंवा मुळाकडे जावे, तसतसे घसरण्याचे प्रमाण वाढत जाते.

दाते एकमेकांस जेथे टेकतात ती जागा अतिशय चिंचोळी असते. सारा भार तेवढ्याच जागेवर येत असल्यामुळे तेथील दाब चांगल्या भारलेल्या गिअरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला दहा हजार किलोच्या घरात, किंवा त्याहूनही वर, जातो. ट्रॅक्टरच्या मागील टायरखाली जमिनीवर पडणारा दाब सुमारे एक किलो असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. शिवाय हा दाब एकदाच पडत नाही. पीटीओच्या गतीने, म्हणजे मिनिटास ५४० फेरे या वेगाने, फिरणाऱ्या पिनियनचा प्रत्येक दाता तासाभरात ३२,४०० वेळा दाबला जातो. शंभर तासांच्या कामात ही संख्या ३२ लाखांवर जाते. तार पुन्हा पुन्हा वाकविल्यास ती जशी अखेरीस तुटते, तद्वतच दात्याचा पृष्ठभाग थकतो, त्यात सूक्ष्म भेगा पडतात आणि खपल्या निघून खड्डे होतात.

तुटलेला गिअर टाकून देण्यापूर्वी तो उजेडात धरून पाहावा. दोष कोठे झाला हे पुष्कळदा दातेच सांगतात. पिच रेषेच्या आसपास, विशेषतः तिच्या किंचित खाली, खड्डे असतील तर तो पृष्ठभागाचा थकवा होय. दात्याच्या शेंड्याजवळ व मुळाजवळ, वर-खाली ओरखडल्यासारखे खरबरीत पट्टे असतील तर तेथे तेलाचा पापुद्रा फाटून लोखंडाला लोखंड चिकटले व पुन्हा उचकटले, असे समजावे. यास आपण खरवड म्हणू. सारा दाता सारखा पातळ होऊन चाकूच्या पात्यासारखा झाला असेल आणि अंगावर बारीक चरे दिसत असतील, तर तेलात माती होती. दाता मुळातून मोडला असेल, तर एकदम बसलेला धक्का, आधीचे खड्डे किंवा चुकीची बसवणी यांपैकी काही तरी कारण असते. एकाच गिअरवर दोन-तीन लक्षणे एकत्र दिसणे हे नेहमीचेच आहे. वर सांगितलेल्या पिनियनवर तशी ती दिसत होती.

वंगणाचे काम

बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालणाऱ्या आपल्या वाडवडिलांना वंगणाचे महत्त्व कोणी शिकविलेले नव्हते. चाक कुरकुरू लागले की बैलांना ओढ जास्त लागते, हे त्यांना प्रत्यक्ष दिसत होते. गिअरबॉक्स बंद असतो आणि तो कुरकुरत असला तरी ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नाही, एवढाच फरक आहे.

दोन दात्यांच्या मध्ये राहणाऱ्या तेलाच्या थराची जाडी साधारणतः एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. एवढा पातळ थर इतक्या प्रचंड दाबाखाली टिकतो कसा, हे कोडे शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. जुन्या गणिताप्रमाणे हा थर टिकू नये, असेच उत्तर येई. प्रत्यक्षात मात्र गिअर चालत. उलगडा असा झाला की, दाबाखाली तेल क्षणभर अत्यंत घट्ट होते आणि पोलादही किंचित दबून तेलाला जागा करून देते. डाउसन आणि हिगिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी १९५९ साली याचे गणित मांडून दाखविले. यंत्राच्या घर्षणाचा, झिजेचा व वंगणाचा विचार करणाऱ्या शास्त्रास ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव त्यानंतर, १९६६ साली, ब्रिटनमधील जोस्ट यांच्या अहवालाने रूढ केले.

यातून शेतकऱ्याने घ्यावयाची गोष्ट ही की, दात्याच्या पृष्ठभागावरील उंचवटेही सुमारे एक मायक्रॉनचेच असतात. थर उंचवट्यांपेक्षा जाड राहिला तर लोखंड लोखंडाला शिवत नाही. थर पातळ झाला की उंचवटे एकमेकांवर आदळतात. थर पातळ होण्याची कारणे मुख्यत्वे तीन. तेल मुळातच पातळ असणे, तेल फार तापणे आणि गती मंद असून भार जड असणे. ९० नंबरच्या गिअर तेलाची घट्टता ४० अंश सेल्सिअसला सुमारे २०० सेंटीस्टोक असते, तीच १०० अंशांवर सुमारे १७ वर येते. भर उन्हात दिवसभर चाललेल्या गिअरबॉक्समध्ये तेल गरजेपेक्षा कमी असेल तर ते अधिक तापते व आणखी पातळ होते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. इंजिन तेलाचा नंबर ४० किंवा ५० आणि गिअर तेलाचा ९०, म्हणून गिअर तेल दुप्पट घट्ट, असा हिशेब पुष्कळ लोक करतात. हे दोन नंबर निरनिराळ्या मापांचे आहेत. ९० नंबरचे गिअर तेल आणि ५० नंबरचे इंजिन तेल यांची घट्टता तापल्यावर जवळजवळ सारखीच असते. तर मग गिअरबॉक्समध्ये इंजिन तेल का घालू नये? कारण खरा फरक घट्टतेत नसून तेलात मिसळलेल्या द्रव्यांत आहे.

ज्या तेलावर ‘ईपी’ अशी अक्षरे असतात, त्यात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे असतात. तेलाचा थर फाटून उंचवटे एकमेकांवर घासले, की त्या बिंदूवर उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने ही संयुगे पोलादाशी संयोग पावून अतिशय पातळ, सहज घसरणारा पापुद्रा बनवितात. पापुद्रा झिजतो, पुन्हा बनतो. आणि दाता वाचतो. हा एक प्रकारचा लेपच होय. फरक इतकाच की, तो कारखान्यात न देता चालत्या यंत्रातच, जेथे हवा तेथे व हवा तेव्हा, दिला जातो. जुन्या, काळ्या पडलेल्या इंजिन तेलात हा गुण नाहीच. उलट काजळी, आम्ल आणि धातूचे कण मात्र भरपूर असतात. ‘फेकण्यापेक्षा रोटाव्हेटरमध्ये ओतले’ असे अभिमानाने सांगणारे बंधू आम्हास भेटतात. ती काटकसर नव्हे.

ईपी तेलातही प्रकार आहेत. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ मध्ये ही द्रव्ये जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतात. आकडा मोठा म्हणजे तेल चांगले, असे समजून कोठेही जीएल-५ घालणे मात्र बरोबर नाही. गिअरबॉक्समध्ये पितळेचे किंवा काशाचे भाग असतील, तर त्यांना तीव्र गंधकयुक्त द्रव्ये खातात. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही स्वतः एका बंधूंस ‘९० नंबरचे कोणतेही चांगले तेल घाला’ असा सल्ला दिला होता. सल्ला अपुरा होता, हे पुढे कळले. नंबराबरोबर प्रकारही सांगावयास हवा होता, आणि त्याहीपूर्वी यंत्राची माहितीपुस्तिका उघडून पाहावयास हवी होती.

निसरडेपणा कोठे घातक ठरतो

याहून गंभीर गोष्ट ट्रॅक्टरची आहे. हल्लीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, मागील धुरा, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक, ज्यांना बोलीत ऑइल ब्रेक म्हणतात, ही सर्व एकाच तेलावर चालतात. या तेलाकडून दोन परस्परविरुद्ध कामे अपेक्षित असतात. दात्यांवर घर्षण कमी व्हावे आणि ब्रेकच्या चकत्यांवर ते पुरेसे राहावे. यासाठी उत्पादक विशिष्ट प्रतीचे तेल सांगतात. अशा तेलात कोणी ‘गिअर लोण्यासारखे पडतात’ म्हणून बाजारातील निसरडेपणा आणणारी बाटली ओतली किंवा साधे ईपी ९० भरले, तर गिअर मऊ पडल्याचा भास होईलही. परंतु ब्रेकच्या चकत्या घसरू लागतील, अथवा ब्रेक दाबताच चिरकल्यासारखा आवाज येऊन थरथर सुटेल. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर असताना याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. ज्या ट्रॅक्टरला ऑइल ब्रेक आहेत, त्याच्या मागील भागात उत्पादकाने सांगितलेल्या तेलाखेरीज दुसरे काहीही घालू नये. कार्यकर्त्यांनी हे प्रत्येक सभेत सांगावे.

लेपांचे प्रकार

गिअरच्या दात्यांवर जे लेप देतात, त्यांपैकी शेतकऱ्याच्या नजरेस सर्वाधिक पडणारा लेप म्हणजे मँगनीज फॉस्फेटचा. नवा गिअर खोक्यातून काढला असता तो करडा-काळपट व हातास किंचित खरबरीत लागतो. तो रंग पुष्कळदा या लेपाचा असतो. हा लेप काही मायक्रॉन जाडीचा, बारीक स्फटिकांचा बनलेला असून तो स्पंजाप्रमाणे तेल धरून ठेवतो. नव्या दात्यांचे उंचवटे एकमेकांशी जुळेपर्यंतचा जो काळ, त्यात खरवड होऊ न देणे हे याचे काम. दाते जुळून आले की लेप बहुतेक झिजून जातो, आणि तसे होणेच अपेक्षित आहे. काही फिटर हा काळपटपणा गंज समजून नवा गिअर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करतात. त्यांस प्रेमाने परंतु स्पष्टपणे थांबवावे. मात्र, काळा दिसणारा प्रत्येक गिअर फॉस्फेटचाच असतो असेही नाही. नुसते काळे केलेले गिअरही बाजारात असतात.

दुसरा लेप मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा. या द्रव्याचे थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकमेकांवरून सरकतात. जेथे तेल टिकत नाही, तेथे तो उपयोगी पडतो. काही ग्रीसमध्येही तो मिसळलेला असतो. दमट हवेत त्याचा निसरडेपणा कमी होतो, ही त्याची उणीव आपल्या पावसाळी प्रदेशात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा प्रकार कठीण कार्बनच्या लेपांचा होय. निर्वात पेटीत, टंगस्टनसारखा धातू मिसळून किंवा त्यावाचून, कार्बनचा एक ते चार मायक्रॉनचा थर दात्यांवर बसवितात. दात्याचे पाणी उतरू नये म्हणून हे काम कमी उष्णतेवर करावे लागते. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या ग्लेन संशोधन केंद्रात टंगस्टन-कार्बन लेपाच्या गिअरची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. लेप दिलेल्या गिअरचे आयुष्य, खड्डे पडण्याच्या दृष्टीने, साध्या गिअरच्या सुमारे सहापट भरले. याच संस्थेच्या २००० सालच्या चाचणीत कोणताही लेप न देता केवळ दाते अत्यंत गुळगुळीत केले, तरीही आयुष्य सुमारे चौपट झाले होते.

हे आकडे खरे आहेत. परंतु ते कोणत्या परिस्थितीतील, हे पाहिले पाहिजे. त्या चाचण्या विमानाच्या गिअरला वापरतात त्या पोलादावर, मिनिटास दहा हजार फेऱ्यांच्या वेगाने, दात्यांवर स्वच्छ तेलाची धार सतत सोडून घेतल्या होत्या. लेप दिलेले गिअरही तेलातच चालले. ‘लेप असल्याने तेल नको’ असे त्या संशोधनात कोठेही निघत नाही. दुसरे असे की, लेप पृष्ठभागाचे रक्षण करतो. दात्याच्या मुळाची ताकद तो वाढवीत नाही. रोटाव्हेटर दगडावर आदळला, तर लेपाचा दाता व साधा दाता सारख्याच धक्क्याने मोडतो.

तो गिअर का गेला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या रोटाव्हेटरच्या कडेच्या सीलभोवती गवत व सुतळी घट्ट गुंडाळली गेली होती व तिने सीलची ओठाळी कापली होती. त्यातून मागील पावसाळ्यात चिखलणीच्या वेळी पाणी आणि माती आत शिरली. गिअरबॉक्सच्या वर हवा जाण्यायेण्यासाठी जे बारीक छिद्र, म्हणजे ब्रीदर, असते, तेही मातीने बुजले होते. ब्रीदर बुजला म्हणजे तापलेली आतील हवा सीलमधून तेल बाहेर लोटते, आणि यंत्र थंड होताना तीच वाट पाणी आत ओढून घेते. काम संपताच तापलेल्या गिअरबॉक्सवर पाण्याचा जोराचा फवारा मारल्यानेही हेच घडते.

गारगोटीचा कण गिअरच्या कठीण केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतो. असे कण तेलात फिरू लागले की काही मायक्रॉनचा लेप किती काळ टिकणार? पाण्याने तेलाचा थर दुबळा केला, मातीने लेप खरवडला, उघड्या पडलेल्या दात्यांवर खड्डे पडले, आणि खड्ड्यांपासून भेगा जाऊन दाते मोडले. अल्प किमतीच्या सीलमुळे सर्वांत महाग भाग गेला.

त्या बंधूंनी आमच्या सांगण्यावरून नवीन जोडी साधीच घेतली. परंतु दोन्ही सील व बेअरिंगे बदलली, पेटी आतून धुऊन कोरडी केली आणि दाते कसे टेकतात ते निळा रंग लावून पाहूनच झाकण बसविले. दाता कडेलाच टेकत असेल तर कोणतेही तेल वा लेप त्यास वाचवू शकत नाही, म्हणून ही शेवटची गोष्ट फिटरकडून आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी.

शेतकऱ्याने स्वतः करावयाची तपासणी

तपासणीपूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि अवजार जमिनीवर टेकवावे. यंत्र सपाट जागी उभे करून, तेल खाली बसण्यास दहा मिनिटे द्यावी व मगच पातळी पाहावी. पातळी कमी नको, तशी जास्तही नको. जादा तेल घुसळले जाऊन फेसाळते, तापते व सीलमधून गळते. रोजचे काम संपल्यावर रोटरच्या टोकांस गुंडाळलेले गवत, सुतळी, प्लॅस्टिकचे तुकडे कोयत्याने न ओढता हाताने सोडवून काढावे, आणि ब्रीदर काडीने नव्हे तर खोलून साफ करावा.

नव्या गिअरचे पहिले तेल लवकर बदलावे लागते. पुष्कळ उत्पादक सुमारे ५० तासांनंतर ते बदलण्यास सांगतात. दाते जुळताना निघालेला धातूचा चुरा आणि झिजलेला लेप त्या तेलात असतो. पुढील बदलांची मुदत पुस्तिकेत दिलेली असते, परंतु चिखलणीचे काम झाले असेल तर मुदतीची वाट न पाहता तेल तपासावे. पाण्याचा संशय आल्यास निरुपयोगी लोखंडी तवा स्वयंपाकघराबाहेर चांगला तापवून, आचेवरून उतरवून, चेहरा दूर ठेवून त्यावर तेलाचे एक-दोन थेंब टाकावेत. चुरचुर आवाज येऊन बुडबुडे फुटले तर तेलात पाणी आहे. तेल बदलताना खालच्या बुचावर चिकटलेला चुरा पाहावा. चंदेरी पीठ थोडेसे असणे स्वाभाविक आहे. नखाएवढ्या खपल्या किंवा टोकदार तुकडे मिळाले तर त्याच दिवशी झाकण उघडावे. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल शुद्ध करणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे.

गुऱ्हाळाच्या चरकाबाबत दोन शब्द निराळे सांगावे लागतात. त्याची मोठी दंतचक्रे पुष्कळ ठिकाणी उघडीच असतात आणि त्यांवर पातळ तेल टिकत नाही. म्हणून तेथे चिकट, घट्ट ग्रीस लागते. चिपाडाचा भुसा व रसाचे तुषार त्यात मिसळून जो काळा लगदा होतो, त्यावरच नवे ग्रीस थापण्याची पद्धत आहे. आधी जुने खरवडून काढावे. दंतचक्रांवर पत्र्याचे झाकण असावे. त्यामुळे भुसा आत येत नाही, कामगाराचे धोतर किंवा बाही अडकत नाही, आणि ग्रीस उडून रसात पडत नाही. रसाच्या पन्हळीच्या वर येणाऱ्या बेअरिंगांना अन्नपदार्थांच्या यंत्रांसाठी बनविलेले ग्रीसच वापरावे. मॉलिब्डेनमचे काळे ग्रीस तेथे लावू नये.